वाचकांचे प्रश्न : पलटण नेमकी कोणती?

कोकणातून येणाऱ्या पत्रांत लष्करात गेलेल्या पूर्वजांविषयीचे प्रश्न बरेच साठले होते. या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं आवरून घेतली आहेत, नावं आणि घराण्यांचे खासगी तपशील गाळले आहेत.

प्रश्न : पणजोबांच्या पदकाच्या कडेवर चार आकडी क्रमांक, नाव आणि ‘११० मराठाज’ अशी इंग्रजी अक्षरं आहेत. घरात सगळे म्हणतात ते पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकातल्या) कूतच्या वेढ्यात होते. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत विचारलं तर ‘एकशे दहावी’ अशी बटालियनच नाही म्हणतात. मग हे खरं काय? (खेड)

दोन्ही बाजू बरोबर आहेत. मुंबई इलाख्याच्या जुन्या पलटणींना १९०३ साली लॉर्ड किचनरच्या फेररचनेत मूळ क्रमांकात शंभर मिळवून नवा क्रमांक दिला गेला. तिसरीची १०३ झाली, पाचवीची १०५, दहावीची ११०. म्हणून १९०३ ते १९२२ या काळातल्या कोणत्याही कागदावर तीन आकडी नावच दिसणार. १९२२ मध्ये या पलटणी एकत्र करून ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ ही एकच रेजिमेंट केली, तेव्हा १०३ ही पहिली बटालियन झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ ही दहावी म्हणजे प्रशिक्षण बटालियन. ‘जंगी पलटण’ म्हणजे १७६८ साली उभी राहिलेली १०३, आणि ‘काळी पाचवी’ म्हणजे १०५. गावाकडे ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. ती वेगळ्या पलटणींची आहेत.

तुमच्या पणजोबांची ११० म्हणजे पुढची तिसरी बटालियन. बेळगावला ती सापडत नाही याचं कारण असं की १९५२ मध्ये तिसरी मराठा पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि तिथे दुसरी बटालियन झाली. आजची २ पॅरा. दुसऱ्या महायुद्धात १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चालून गेलेले नाईक यशवंत घाडगे याच तिसऱ्या बटालियनचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते माणगाव तालुक्यातले, आणि माणगावात त्यांचं स्मारकही आहे. पदकावरच्या तीन आकड्यांपासून माणगावच्या स्मारकापर्यंत आणि तिथून आजच्या छत्रीधारी सैनिकांपर्यंत पलटण एकच आहे.

आता कूत. कूत-अल-अमाराचा वेढा ७ डिसेंबर १९१५ रोजी पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० माणसं तुर्कांच्या हाती पडली. आत सहावी (पुणे) डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणी तीनच : १०३, ११० आणि ११७. म्हणजे पलटण जुळते. पण पलटण कूतमध्ये होती म्हणून पलटणीतला प्रत्येक माणूस कूतमध्ये होता असं होत नाही. शरणागतीनंतर या पलटणी मागे उरलेल्या माणसांतून आणि नव्या भरतीतून पुन्हा उभ्या केल्या गेल्या. १९१७ साली भरती झालेल्या शिपायाच्या पदकावरही ‘११०’च असणार.

याचा निकाल लावायची एक सोपी खूण घरातच असते. पदकं किती आहेत ते पाहा. चांदीचं गोल पदक, मागे नग्न घोडेस्वार आणि १९१४-१९१८ हे आकडे, हे ब्रिटिश वॉर मेडल. पितळी दिसणारं, पंख असलेली स्त्री आणि इंद्रधनुषी फीत, हे व्हिक्टरी मेडल. तिसरा असतो चार टोकांचा कांस्याचा तारा, मध्ये तलवारी आणि ‘१९१४-१५’. त्यावर नाव कडेला नसतं, सपाट पाठीवर असतं. हा तारा ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत युद्धभूमीवर पोहोचलेल्यांनाच मिळाला. ७ डिसेंबरनंतर कूतमध्ये कुमक शिरू शकली नाही. तेव्हा तारा मिळालाच नसेल, तर माणूस वेढ्यात नव्हता असं ठामपणे म्हणता येतं. तारा असेल तर शक्यता मोठी, खात्री मात्र नाही, कारण १९१५ मध्येच शुएबाच्या किंवा टेसिफोनच्या लढाईत जखमी होऊन परत आलेले पुष्कळ होते. आणि तारा घरात नाही म्हणजे मिळालाच नव्हता, असंही लगेच धरू नका. पदकं भावाभावांत वाटली जातात. फितीच्या जुन्या पट्टीवर शिवणीच्या तीन खुणा आहेत का ते बघा.

प्रश्न : आजोबांचे थोरले बंधू ‘बसऱ्याकडे’ वारले. बसरा मेमोरियलच्या भिंतीचे फोटो इंटरनेटवर पाहिले, इंग्रज शिपायांची नावं आहेत, आपल्या माणसांची दिसतच नाहीत. गावातल्या शाळेच्या भिंतीवर पाटी आहे, तिच्यावरही नुसते आकडे. (मालवण)

तुमचं निरीक्षण बरोबर आहे. बसरा मेमोरियलवर ज्यांच्या कबरीचा पत्ता नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांची नोंद आहे. ब्रिटिश सैनिक नावानिशी आले. हिंदी सैन्यातले अधिकारी नावानिशी आले. साध्या हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीचं नाव आणि त्याखाली नुसती संख्या कोरली गेली. हा भेदभाव होता असं युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या समितीने २०२१ च्या अहवालात स्वतः लिहून दिलं. शंभर वर्षांनी दिलं, ते असो.

शिपायांची नावं भिंतीवर नसली तरी नोंदवहीत होती, आणि कमिशनच्या संकेतस्थळावर आता ती शोधता येतात. शोध इथेच अडतो, कारण लोक आजचं नाव आजच्या स्पेलिंगने टाकतात. तसं करू नका.

आधी आडनाव सोडून द्या. पलटणीतल्या कारकुनाने माणसाचं नाव आणि कधी आडनाव, कधी बापाचं नाव लिहिलं आहे. सावंत, कदम, मोरे, शिंदे ही आडनावं शेकड्यांनी सापडतात. त्यांतून आपला माणूस निघत नाही. पलटण आणि देश एवढं धरून यादी काढा, मग नोंदीतल्या ‘अमुकचा मुलगा, अमुक गाव’ या ओळीवर जा. गाव इंग्रजी कारकुनाच्या कानाने लिहिलेलं असतं : मालवण, देवगड, चिपळूण यांची तेव्हाची स्पेलिंगं आजच्या नकाशातल्यापेक्षा वेगळी असू शकतात. सावंतवाडी दोन शब्दांत असते. जिल्हाही तपासून घ्या. सिंधुदुर्ग हा जिल्हा १९८१ चा. त्याआधी मालवण, देवगड, कणकवली सगळं ‘रत्नागिरी’. रायगड नव्हता, ‘कुलाबा’ होता. सावंतवाडी संस्थान होतं, म्हणून तिथला माणूस रत्नागिरीखाली सापडला नाही तर संस्थानाच्या नावाने बघा.

कूतनंतर कैदेत वारलेल्यांचा माग सगळ्यात अवघड. शिपायांना बगदाद, मोसूल ओलांडून रास-अल-ऐनपर्यंत नेलं आणि तिथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेत किती गेले त्यांच्या कबरी नाहीत, आणि अशा नोंदीत मृत्यूची तारीखही पुष्कळदा अंदाजाने घातलेली असते. घरच्या श्राद्धाच्या तिथीशी ती जुळली नाही तर नोंद चुकीची आहे असं समजू नका.

शाळेवरची पाटी सरकारी साच्यातली आहे. ‘या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतके कामी आले’ एवढाच मजकूर देशभरच्या अशा पाट्यांवर आढळतो. तिच्यावर नावं नव्हतीच, झिजून गेली नाहीत. गेलेल्यांत पलटणीबरोबरच बिगाऱ्यांची, खेचरवाल्यांची, डोलीवाल्यांची मोजदाद असू शकते, म्हणून आकडा गावातल्या ज्ञात सैनिकांपेक्षा मोठा दिसतो.

आणखी एक, कारण हा प्रश्न हमखास पुढे येतो : ‘पंजाबच्या सैनिकांच्या वह्या सापडल्या’ ही बातमी तुमच्या कामाची नाही. लाहोरच्या संग्रहालयातल्या त्या वह्यांत ३,२०,००० च्या आसपास माणसं आहेत, पण ती फक्त पंजाबची. मुंबई इलाख्याचं तसं काही उपलब्ध नाही.

प्रश्न : आमच्याकडे पदक आहे पण ते तांब्या-पितळेसारखं आहे. शेजारच्या वाडीत तसंच पदक चांदीचं आहे. भावकीत म्हणतात आमचं नकली, सोनाराने चांदीचं बदलून घेतलं. (दापोली)

सोनाराला दोष देण्याआधी कड वाचा. ब्रिटिश वॉर मेडल दोन धातूंत निघालं. लढणाऱ्या शिपायांना चांदीचं, आणि लेबर कोअर, पोर्टर कोअर, सैन्याबरोबरचे ‘फॉलोअर’ (स्वयंपाकी, पाणके असे न लढणारे नोकर) यांना कांस्याचं. कांस्याची सुमारे १,१०,००० पदकं निघाली आणि त्यातली बरीच हिंदी, चिनी आणि माल्टाच्या मजुरांना गेली. कडेवर ‘लेबर कोअर’, ‘पोर्टर’, ‘फॉलोअर’, ‘कुक’, ‘भिस्ती’, ‘बेअरर’ यांपैकी काही असेल तर पदक अस्सल आहे. सोनाराने बदललेल्या पदकावर शिपायाचं नाव कोरलेलं नसतं. संग्राहकांच्या दृष्टीने तर नाव नीट वाचता येणारं कांस्य पदक चांदीच्या साध्या पदकापेक्षा दुर्मीळ.

भावकीतल्या हिणवण्याला खरं उत्तर मात्र धातूचं नाही. मेसोपोटेमियातली लढाई पुरवठ्यावर तुंबली होती. बसऱ्याला मोठी जहाजं लागतील असे धक्के नव्हते, पुढे पक्का रस्ता नव्हता, सगळं नदीतून आणि जनावरांच्या पाठीवरून. एका खेचराच्या पाठीवर साधारण दोन मण, म्हणजे १६० पौंड माल. त्यातच त्याचा स्वतःचा दाणा धरला की पुढे पोहोचणारा माल आणखी घटतो. जखमींना उचलणारे डोलीवाले, पाणी भरणारे, धक्के बांधणारे बिगारी कमी पडले म्हणून १९१५-१६ मध्ये पलटणींचे हाल झाले. टेसिफोनहून परतताना जखमींना बिनस्प्रिंगच्या खटाऱ्यांतून न्यावं लागलं. अशा तुकड्यांचा इतिहास कोणी नीट लिहिला नाही. पलटणींना अधिकाऱ्यांनी लिहिलेले जाडजूड ग्रंथ मिळाले, खेचरांच्या तांड्यांना मिळाले नाहीत. म्हणून शोध घ्यायचा तो युद्धरोजनिशांत. डिव्हिजनच्या ‘पुरवठा आणि वाहतूक’ या फायलीत तांड्याचा क्रमांक मिळतो. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या रोजनिशा ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत आहेत. त्यांत फॉलोअरचं नाव सापडण्याची आशा धरू नका. तांडा कुठे होता, किती जनावरं मेली, कोणत्या दिवशी नदी ओलांडली, एवढं मिळेल.

प्रश्न : महार रेजिमेंट १९४१ ची. आमचे खापरपणजोबा १८८० च्या सुमारास पलटणीतून सुभेदार म्हणून पेन्शनीत आले असं कुळकटीत आहे. वर्ष चुकलं असावं का? (मंडणगड)

वर्ष चुकलेलं नाही. कंपनी सरकारच्या आणि नंतरच्या मुंबई सैन्यात महार शिपाई पहिल्यापासून होते आणि सुभेदारपदापर्यंत चढत होते. कोकणातली अशी अनेक घराणी पेन्शनीनंतर दापोलीच्या कॅम्पात स्थायिक झाली. तुमच्याच तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी सकपाळ सुभेदार होते, डॉ. आंबेडकरांचे वडील. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीत राहिले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्कराने ‘लढाऊ जाती’चं, म्हणजे ठरावीक जातींनाच सैन्यात घेण्याचं, धोरण आणून महारांची भरती बंद केली. ती पुन्हा सुरू करावी असा अर्ज वलंगकरांनी १८९४ साली तयार केला. म्हणजे तुमच्या खापरपणजोबांची पेन्शन बंदीच्या आधीची, पूर्ण सुसंगत.

मधल्या काळात १९१७ साली ‘१११ महार्स’ नावाची पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. मग १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असलेल्या बाबासाहेबांनी विषय लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली. पुढच्या वर्षी कामठीला दुसरी. १९४६ मध्ये तिची मशीनगन रेजिमेंट केली, १९६३ मध्ये ती पुन्हा पायदळ झाली. केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. रेजिमेंटच्या जुन्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, म्हणून लोक समजतात की १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात लढलेली पलटण म्हणजे महार रेजिमेंटचीच पूर्वज. ती पलटण, पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, लष्करी वंशावळीने पुढे १०२ ग्रेनेडियर्स झाली. तिचा वारसा ग्रेनेडियर्सकडे जातो. स्तंभावर नावं असलेले महार शिपाई आणि १९४१ ची रेजिमेंट यांना जोडतो तो समाजाचा वारसा, पलटणीचा क्रमांक नव्हे. दोन्ही खरे आहेत, पण १८८० च्या माणसाचे कागद सागरला मागितले तर मिळणार नाहीत.

ते शोधायचे तर १८८० च्या आसपासच्या ‘आर्मी लिस्ट’ पाहा. त्यांत सुभेदार आणि जमादार पलटणवार नावानिशी छापलेले असतात. हवालदार आणि शिपाई नसतात. सुभेदार होते हे तुमचं भाग्य म्हणायचं, जमादाराखालच्या हुद्द्याचा माणूस या वाटेने सापडत नाही. जाती छापलेल्या नसतात, आणि नावाच्या शेवटी ‘नाक’ लागलेलं असतं, ती महार शिपाई ओळखायची जुनी खूण. मुंबईच्या पुराभिलेखागारात लष्करी खात्याचे जुने खंड आहेत, पण पलटणीचा क्रमांक हाती आल्याशिवाय तिथे जाऊ नका, दिवस फुकट जातो.

प्रश्न : आजोबा खलाशी म्हणून बसऱ्याला जात. त्यांना सैनिक म्हणावं का? (गुहागर)

तीन शक्यता, आणि पदकच सांगेल. व्यापारी जहाजावर असतील तर मर्कंटाइल मरीन वॉर मेडल : कांस्य, फीत हिरवी-पांढरी-तांबडी, कडेवर फक्त नाव. रॉयल इंडियन मरीनच्या जहाजावर असतील तर कडेवर तसं लिहिलेलं असतं. तिसरी शक्यता नदीवरच्या बोटींची, म्हणजे ‘इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट’. ते लष्करी इंजिनिअरांच्या हाताखालचं खातं होतं, म्हणून ते सैन्यातच धरले जातात. पहिल्या दोन प्रकारांतले जे समुद्रात मरण पावले त्यांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात आहे. पहिल्या महायुद्धातली दोन हजारांहून जास्त नावं, आणि ती नावं आहेत, आकडे नाहीत.

प्रश्न : मेजर राम राघोबा राणे कारवारजवळच्या चेंडियाचे. परमवीर चक्र मिळालं हे सगळ्यांना माहीत, पण इंजिनिअरने लढाईत नेमकं काय केलं ते कोणी सांगत नाही. (कारवार)

हा या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न.

खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे लोक, म्हणजे बॉम्बे सॅपर्स, पायदळासारखे अख्ख्या बटालियनने एकत्र लढत नाहीत. त्यांची मोजणी कंपनीत होते. एक फील्ड कंपनी एका ब्रिगेडला जोडतात, तिच्यातली एक प्लाटून एखाद्या पलटणीला, आणि काम संपलं की दुसरीकडे. सेकंड लेफ्टनंट राणे ३७ असॉल्ट फील्ड कंपनीचे, आणि एप्रिल १९४८ मध्ये, जम्मू-काश्मीरच्या पहिल्या युद्धात, नौशेरा-राजौरी रस्त्यावर ४ डोग्रा या पलटणीला आणि रणगाड्यांच्या तुकडीला जोडलेले. राजौरीपर्यंत रणगाडे न्यायचे होते. रस्ता डोंगराच्या कुशीतून, आणि शत्रूने तो सुरुंग, पाडलेले चीड वृक्ष आणि रस्त्याखालच्या फोडलेल्या मोऱ्या यांनी बंद केलेला.

८ एप्रिलला सकाळी अकराला, नदपूर दक्षिणजवळ, राणेंची टोळी रणगाड्यांशेजारी काम सुरू करायच्या तयारीत असताना उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार, राणेंसह पाच जखमी. टोळी पुन्हा जुळवून त्यांनी सुरुंग काढायला घेतले. संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला बरवाली टेकडी हाती आली, आणि रात्री दहापर्यंत मशीनगनच्या माऱ्यात ते रणगाड्यांसाठी वळणरस्ता करत राहिले. ९ तारखेला सकाळी सहा ते दुपारी तीन तेच काम. रस्ता झाला तसे ते सगळ्यात पुढच्या कॅरिअरमध्ये (चिलखती गाडीत) बसले. अर्ध्या मैलावर चिडाची झाडं आडवी : उतरून स्फोटकांनी उडवली. पुढे तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग फोडलेली मोरी, तिला वळसा. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग आणि वरून मशीनगन. अंधारामुळे तुकडी थांबवावी लागली. १० तारखेला पहाटे पावणेपाचला काम सुरू, साडेसहाला अडथळा मोकळा. ११ तारखेला चिंगसपर्यंतचा रस्ता अकरा वाजेपर्यंत खुला केला आणि पुढचा रस्ता करत रात्री दहापर्यंत थांबले नाहीत. १२ एप्रिलला राजौरी घेतली.

हा तपशील वेळेनिशी टिकला तो पदकाच्या अधिकृत मानपत्रामुळे. एरवी सॅपर्सच्या कामाची नोंद ‘रस्ता मोकळा केला’ एवढ्या एका ओळीत उरकते. त्या ओळीमागे काय असतं ते बघा : माणूस पोटावर झोपून संगिनीने किंवा सळीने जमीन चाचपतो, तिरकी, कारण सरळ खाली टोचलं तर टोक थेट सुरुंगाच्या माथ्यावर दाब देतं. कोनात टोचलं तर ते बाजूला लागतं. मग हाताने माती काढायची, आणि मोकळ्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना पांढरी फीत. फीत ओढायला उशीर झाला की मागून येणारा ड्रायव्हर सवयीने कडेला घेतो आणि साफ केलेल्या पट्ट्याबाहेर जातो. शत्रूला हे ठाऊक असल्याने तो अडथळ्याबरोबर त्याच्या वळणरस्त्यावरही सुरुंग पेरतो.

घरात सॅपर असेल तर शोध घेताना ‘बॉम्बे सॅपर्स’ एवढं पुरत नाही, कंपनीचा क्रमांक हवा. पहिल्या महायुद्धात त्यांचं नाव ‘तिसरी सॅपर्स अँड मायनर्स’ होतं. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलवर ‘४७ सिख्स’ या पलटणीबरोबर त्यांच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांनी पायदळासारखा हल्ला केला आणि त्यांची भयंकर हानी झाली. त्याच वेळी दुसऱ्या कंपन्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेत. एकाच पदकावरचं एकच नाव, आणि माणूस फ्रान्सला होता की टायग्रिसवर, हे कंपनीच सांगते.

प्रश्न : आजोबांची दुसऱ्या महायुद्धातली चार-पाच पदकं आहेत, एकावरही नाव नाही. पलटण कशी कळणार? (सावंतवाडी)

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या पदकांवर नाव घातलं गेलं नाही, हिंदी सैनिकांच्या ताऱ्यांवर मात्र ते पाठीवर ठोकलेलं असू शकतं, म्हणून आधी पाठ नीट बघा. तिथेही नाव नसेल तरी सहा टोकांच्या ताऱ्यांच्या फिती युद्धभूमी सांगतात. फिकट वाळूचा रंग आणि मध्ये तांबडा पट्टा असेल तर आफ्रिका स्टार, तांबडा-पांढरा-हिरवा असेल तर इटली स्टार, गडद निळ्यात तांबडा आणि नारिंगी असेल तर बर्मा स्टार. आफ्रिका आणि इटली दोन्ही असतील आणि आजोबा मराठ्यांत होते हे पक्कं असेल, तर तिसरी बटालियन आधी तपासा, ती १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनला होती आणि नंतर इटलीत. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला कैद झाली, त्यामुळे आफ्रिका स्टार आणि पुढे युद्धकैदी अशी आठवण घरात असेल तर ती दिशा. बर्मा स्टार आणि मणिपुरातल्या ‘संग्शाक’चं नाव कानावर असेल तर चौथी. फिती मात्र नंतर बदलल्या गेलेल्या असू शकतात. मधल्या कड्यावर लिहिलेलं ताऱ्याचं नाव पाहूनच खात्री करा.

पक्का पुरावा म्हणजे सेवापुस्तक किंवा डिस्चार्जचा कागद. ते नसेल तर रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लिहा : मराठ्यांसाठी बेळगाव, सॅपर्ससाठी खडकी, महारांसाठी सागर. पत्रात सैनिक क्रमांक, हुद्दा, तेव्हाच्या कागदावर असेल तसंच नाव, सुटल्याचं वर्ष आणि नात्याचा पुरावा हवा. क्रमांक नसेल तर उत्तर ‘सापडत नाही’ हेच येतं. पेन्शन न घेता सुटलेल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात, म्हणून पेन्शन होती का हे आधी बँकेच्या किंवा पोस्टाच्या जुन्या पुस्तकावरून पाहून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विधवा पेन्शनच्या अर्जावरही क्रमांक मिळू शकतो. तिकडे लोक सहसा सगळ्यात शेवटी जातात, खरं तर आधी जावं.

प्रश्न : गावातल्या सगळ्या सैनिकांची वही करायची आहे. घरोघरची पदकं आणि कागद एकत्र आणून साफ करावेत का? (संगमेश्वर)

वही करा. साफ करू नका, आणि एकत्रही आणू नका.

पदकाच्या कडेवरची अक्षरं उथळ असतात. चिंच, राख, नारळाची शेंडी, पितळ घासायची पूड, यांतल्या कशानेही दहा-वीस दसऱ्यांत ती पुसली जातात, आणि नाव गेलं की पदकाचा उपयोग संपला. काळं पडलेलं पदक वाचायचं तर कडेवर पातळ कागद धरून मऊ पेन्सिलने घासा, किंवा अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा उजेड कडेला समांतर टाकून फोटो काढा. कड गोल असल्याने एका फोटोत सगळं येत नाही. पदक फिरवत चार फोटो घ्या. एखाद्या घरात तळहाताएवढी कांस्याची मोठी चकती मिळेल, बाईमाणूस आणि सिंह, व्यास १२० मिलिमीटर. ती युद्धात मेलेल्याच्या घरी आली होती. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नाही, पलटण नाही. तेव्हा त्या घरात मृत्यू झाला एवढंच ती सांगते. बाकीचं वर मालवणच्या उत्तरात दिलेल्या वाटेने.

कागद लॅमिनेट करू नका. आत अडकलेल्या दमटपणाने आषाढात बुरशी येते आणि नंतर प्लास्टिक सोडवता येत नाही. पत्र्याच्या पेटीतही थेट ठेवू नका, कोकणातल्या हवेत पेटी आतून गंजते आणि गंजाचे डाग कागदावर उतरतात. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. पुड्या गणपतीआधी आणि शिमग्याला बदला. कसर लागलेला कागद इतर कागदांत मिसळू नका.

वहीत प्रत्येक माणसामागे निदान एवढे रकाने हवेत : पदकावर आहे तसं नाव, घरात वापरतात ते नाव, क्रमांक, त्या वर्षीचं पलटणीचं नाव, आजचं नाव, पुरावा काय, आणि पुरावा कोणाच्या घरात आहे. ‘ऐकीव’ हा रकाना वेगळा ठेवा. नाहीतर दहा वर्षांनी ऐकीव आणि कोरीव एकाच शाईत होतं आणि कूतला गेलेल्यांची संख्या दर पिढीला वाढत जाते. शिपायाखेरीज खेचरवाले, डोलीवाले, खलाशी, पाणके, स्वयंपाकी हेही त्याच वहीत घ्या. फोटो काढताना पदकाशेजारी मोजपट्टी ठेवा, आणि घराण्याची लेखी परवानगी घ्या. क्रमांक आणि नाव असलेले पदकाचे फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका, कारण जुन्या पदकांचे खरेदीदार ते पाहून थेट घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे पोहोचतात.